अर्धं दाबलेलं बटण

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. काळा, ठोकळ्यासारखा, पोटात चपटी बॅटरी आणि नखाएवढं कार्ड. हल्ली मला कुणी हात लावत नाही, त्यामुळे तुमच्याशी बोलायला वेळच वेळ आहे. पण गोष्ट मजेची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका लहान मुलीला तिच्या आईचा एक फोटो हवा होता. हजारो फोटो काढलेला मी, मला तो एक काही देता आला नाही. एवढीच गोष्ट आहे, पण ती सुरुवातीपासून ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे धूळ औषधालाही सापडायची नाही. तोंडाला फडकी बांधलेल्या बायकांनी चिमट्याने माझा एकेक स्क्रू बसवला. शेवटी तपासणीच्या बाईंनी मला डोळ्याला लावलं, समोरच्या कोऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि "चालतोय" म्हणून खोक्यात घातलं. पहिला फोटो कोऱ्या भिंतीचा! माझं नशीब तिथेच ठरलं म्हणायचं.

खोक्यातून निघालो तो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्या हातात. सरांना फोटोंचं भलतंच वेड. त्यांच्यासारख्याच हौशी लोकांची एक टोळी होती. दर रविवारी सकाळी ही मंडळी विद्यापीठाच्या आवारात नाहीतर शहरातल्या जुन्या रस्त्यांवर भटकायची आणि मग एकमेकांचे फोटो बघून नाकं मुरडायची. त्यांचा एक नियम होता, फोटोत माणूस आला की फोटो नासला. पायऱ्या हव्यात, पण चढणारा नको. पूल हवा, पण त्यावरचा सायकलवाला जाईपर्यंत थांबायचं. बाक हवा, बसलेले आजोबा उठले की मगच. एकदा त्या आजोबांनी सगळा पेपर वाचून काढला, कोडं सोडवलं आणि वर एक डुलकी काढली. सर हूं की चूं न करता उभे होते.

सरांच्या बरोबर त्यांची बायको असायची. टोळीतले सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. माझी पिशवी, मला उभं करायची तिपाई, पाण्याची बाटली, सगळं त्यांच्या खांद्यावर. मागे सरांच्या शर्टाचं टोक धरून त्यांची मुलगी. ती सारखी गरगर फिरायची म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत.

आता माझ्या बटणाचं एक गुपित सांगतो. ते अर्धं दाबलं की मी बघतो. अंतर मोजतो, उजेड जोखतो, नजर स्थिर करतो आणि 'बीप' करून कळवतो. पण ठेवून घेतो ते पूर्ण दाबलं तरच. नुसतं अर्धं दाबलं तर सगळं बघितलेलं पाण्यात. आणि माझी एक खोड आहे. सपाट दगड, कोरी भिंत, धुकं समोर आलं की माझी नजर ठरत नाही, भिरभिरत राहते. सरांनी त्यावर नामी उपाय काढला. वहिनींचा एक रेघारेघांचा स्वेटर होता. रेघा दिसल्या की माझी नजर कशी टक्कन बसायची!

"अगं, जरा उभी राहा तिथे," सर म्हणायचे.

वहिनी ग्रंथालयाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहायच्या. सर बटण अर्धं दाबायचे. बीप.

"हं, लागला. आता हो बाजूला."

वहिनी टुणकन बाजूला व्हायच्या, आणि मग सर बोट न उचलता बटण पूर्ण दाबायचे. पायरी अशी लख्ख यायची की दगडातला दाणा न् दाणा मोजून घ्यावा.

वर्षानुवर्षं हेच चाललं. पायऱ्या, पूल, घड्याळाचा मनोरा, बंद दुकानांची गल्ली, सायकलींची रांग. प्रत्येक ठिकाणी आधी वहिनी उभ्या राहिल्या आणि मग निघाल्या. "मी म्हणजे तुमची मोजपट्टी," त्या हसून म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, एवढी उभी राहते, तर एखादा माझाही काढा की!" सर म्हणाले, "काढू ना. पण तुझा म्हणजे झकास यायला हवा. हा उजेड चेहऱ्याला बरा नाही." पुढच्या रविवारी ढग होते. त्याच्या पुढच्या रविवारी ऊन फार. मित्रांनो, सरांचा वहिनींवर जीव नव्हता असं समजू नका. जीव होता म्हणूनच त्यांना साधासुधा फोटो चालत नव्हता.

एकदा मात्र गंमत झाली. वहिनींना बाजूला व्हायला क्षणभर उशीर झाला आणि सरांचं बोट आधीच पडलं. वहिनी फोटोत आल्या! "आलीस ना मध्ये!" सर करवादले. वहिनी धावत आल्या, माझ्या पडद्यात डोकावल्या आणि लाजून म्हणाल्या, "शी! तोंड बघा कसं झालंय. पुसा, पुसा." सरांनी पुसला. काय होतं त्यात ते मला विचारू नका. पुसलं म्हणजे पुसलं.

त्याच सुमारास आमचं कौतुकही झालं. विद्यापीठाच्या प्रदर्शनात आमच्या पायऱ्यांच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "वा! काय शांतता आहे, चिटपाखरू नाही." सगळ्यांत जोरात टाळ्या वहिनींनी वाजवल्या. मीही फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग एका हिवाळ्यात वहिनींना ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं. मी पिशवीतच होतो. पिशवीच्या पट्ट्यावर त्यांच्या खांद्याचा बाक तसाच होता.

काही महिन्यांनी भिंगरीने जेवता जेवता विचारलं, "बाबा, आईचं नाक कसं होतं?"

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांना सांगता येईना. "छान होतं," एवढंच म्हणाले. "छान म्हणजे कसं? माझ्यासारखं?" सर उठून गेले.

तुम्ही म्हणाल, घरात दुसरा फोटो नव्हता का? तेव्हा खिशातल्या फोनला डोळे फुटले नव्हते. लग्नातला एक होता, त्यात मान खाली आणि तोंडभर रंग. ओळखपत्रावर एक होता. तो बघून भिंगरी म्हणाली, "ही आई नाही. ही कुणीतरी रागावलेली बाई आहे." दोन्ही फोटो तिने बापाच्या हातात परत दिले.

मग सर सुट्टीच्या दिवशी भिंगरीला मांडीवर घेऊन संगणकासमोर बसले आणि मी काढलेला एकेक फोटो बघायला लागले. पायऱ्या. पूल. मनोरा. पायऱ्या. एका कोपऱ्यात स्वेटरचा कोपर सापडला. एकीकडे बुटाचं टोक. एका फोटोत ग्रंथालयाच्या काचेत काहीतरी चेहऱ्यासारखं दिसलं. सरांनी ते मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि शेवटी पडद्यावर नुसते चौकोन उरले. एका फोटोत पायऱ्यांवर लांब सावली पडली होती. भिंगरीने त्यावर बोट ठेवलं.

"ही आई?"

"ही तिची सावली."

"मग आई कुठे आहे?"

"बाजूला," सर म्हणाले, आणि त्यांना हुंदका आवरेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं कार्ड संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. पुसलेले फोटोही कधी कधी परत निघतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दुरुस्तीवाला भला माणूस. दुपारभर खपला. शेवटी म्हणाला, "सर, लगेच आणलं असतंत तर निघाला असता. पण त्याच जागेवर नंतर दुसरे फोटो बसलेत, पुन्हा पुन्हा. आता देवाने काढतो म्हटलं तरी निघायचा नाही." मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "एवढं काय काढलंत हो त्यानंतर?"

"पायऱ्या," सर म्हणाले.

पुढच्या रविवारी सरांनी मला बाहेर काढलं. आई तर गेली, निदान लेकीचा तरी एक फोटो असू दे, असं त्यांनी मनाशी धरलं असावं. ग्रंथालयासमोर भिंगरीला म्हणाले, "जा, उभी राहा तिथे." ती धावत गेली, ताठ उभी राहिली. सरांनी बटण अर्धं दाबलं. मी बीप केलं. आणि भिंगरी टुणकन बाजूला झाली.

"अगं, हलू नकोस! तुझाच काढतोय."

"पण वाजलं ना, बाबा! वाजलं की बाजूला व्हायचं. आई अशीच करायची."

पुन्हा उभी केली. पुन्हा बीप, पुन्हा टुणकन. तिच्या अंगातच बसलं होतं ते. तिसऱ्या वेळीही तेच, पण आता सर ओरडले नाहीत. माझ्या मागून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "अगदी तशीच," ते म्हणाले. "अगदी तशीच उडी." त्यांनी ती उडी धरायला हवी होती. मी तयार होतो हो! पण त्यांचे डोळे भरून आले आणि बोट बटणावरून निसटलं. भिंगरी बापाला रडताना बघून घाबरली. त्यानंतर तिने तसं कधीच केलं नाही, आणि सरांनी मला कधीच हातात घेतलं नाही.

आता मी कपाटात आहे. बॅटरी फुगली आहे, कार्ड कुठे गेलं माहीत नाही. भिंगरी उंच झाली आहे. ती आता आईबद्दल काही विचारत नाही, आणि मला वाटतं हे त्या जेवतानाच्या प्रश्नापेक्षा वाईट आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी आपली कहाणी सांगितली की शेवटी 'वस्तू जपून वापरा' असं सांगायची रीत आहे. मी सांगणार नाही. मला फार जपलं गेलं. मऊ फडक्याने पुसलं, धुळीपासून, ओलीपासून राखलं. वहिनी तर भिंगावर श्वास पडू नये म्हणून तोंडावर हात धरून मला पुसायच्या. माझ्यावर आजही एक ओरखडा नाही. माझी काळजी करू नका. तुमच्यासमोर कुणी उभं असेल, केस विस्कटलेले, उजेड वाईट, तोंड वेडंवाकडं, तरी त्याला बाजूला हो म्हणू नका. तेवढं ऐका माझं.

वहिनींचा चेहरा माझ्याइतक्या वेळा, माझ्याइतका स्पष्ट कुणीच पाहिला नसेल. आणि तुम्ही विचारलंत, त्या कशा दिसायच्या, तर मला सांगता येणार नाही.