टाचेचा फोटो

रंगाऱ्याने श्वास रोखला, दाराच्या चौकटीला खांदा टेकवला आणि फोन डोळ्यांसमोर धरला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखालच्या पलंगावर आई पालथी पडली होती. पट्टी तिने स्वतःच सोडली होती आणि डावी टाच उघडी करून उशीवर ठेवली होती. त्याने पडद्यावर दोन बोटं फाकवली. टाच जवळ आली, पडदाभर झाली. त्याने बटण दाबलं आणि चौकटीबाहेर येऊन श्वास सोडला.

"झालं?" आईने गादीत तोंड ठेवूनच विचारलं.

"झालं. बांध आता."

"वास येतोय का रे?"

"मलमाचा येतो थोडा."

आई उठून बसली, पाय दुसऱ्या मांडीवर घेतला आणि अंदाजाने मलम लावायला लागली. तो स्वयंपाकघरात गेला आणि फोटो बघितला. जखम गुलाबी होती, कडा स्वच्छ होत्या, आजूबाजूची कातडी एखाद्या लहान मुलीची असावी अशी नितळ होती. फोटो डॉक्टरीणबाईंना गेला. पाच मिनिटांत उत्तर आलं आणि त्याने ते तिथूनच मोठ्याने वाचून दाखवलं.

"छान भरतेय, म्हणतात. हेच चालू ठेवा."

"चला," आई म्हणाली. "सुटले."

गेले बावीस दिवस हे असंच चाललं होतं. आईला साखरेचा जुना आजार. दोन महिन्यांपूर्वी टाचेला भेग पडली आणि भेगेची जखम झाली. पायाला संवेदना उरली नव्हती, त्यामुळे तिला दुखत नव्हतं. डोळे अधू, आणि जखम अशा जागी की तरुण माणसालाही आरशाशिवाय दिसू नये. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दवाखाना शहराच्या पलीकडच्या टोकाला. म्हणून डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं होतं की एक दिवसाआड फोटो पाठवत जा, दर वेळी आईला जिने उतरवू नका. जुन्या फोनवरचे फोटो बघून मात्र त्या वैतागल्या. "हा पाय आहे की बटाटा?" असं त्यांनी एकदा सरळ विचारलं.

मग त्याने हा फोन घेतला. कंपनीचा सगळ्यात वरचा, सगळ्यात महागडा. जवळजवळ तीन महिन्यांची कमाई त्यात गेली. दुकानाच्या काचेवर पुरुषभर उंचीची जाहिरात होती: डोळ्यांना दिसत नाही, ते हा दाखवतो. खोकं उघडताना झाकण असं सावकाश वर आलं की जणू आत राजाचा मुकुटच ठेवलाय. लोकांना गंडवायला किती कष्ट घेतात ही माणसं! पण तेव्हा त्याला तसं वाटलं नव्हतं. तेव्हा तो भारावून गेला होता, कारण या फोनला लांबून दिसत होतं.

खरी गोष्ट एवढीच होती. आईला जखम दिसत नव्हती आणि त्याला ती बघवत नव्हती. गॅरेजमध्ये दिवसभर तो काळ्या तेलात आणि पत्र्यातले खड्डे बुजवायच्या लांबीच्या चिखलात हात घालायचा. एकदा एका गाडीच्या बॉनेटखाली मेलेला उंदीर निघाला, तो त्याने शेपटीला धरून बाहेर फेकला आणि तसाच चहा प्यायला गेला. पण आईची टाच हातात धरली की त्याला मान फिरवावी लागायची. पहिल्या आठवड्यात एकदा तो मोरीत जाऊन ओकला होता. तिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. या किळसेची त्याला भयंकर लाज वाटे, आणि लाज वाटते म्हणून किळस काही कमी होत नसे. नवा फोन आल्यापासून तो दारातून आत गेला नव्हता.

त्या सकाळी गॅरेजमध्ये राखाडी गाडीचा एक दरवाजा रंगवायचा होता. जुना पत्रा उन्हाने विटलेला, नवा दरवाजा कोरा, त्यावर रंगाचा पहिला हात नुकताच मारलेला. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले पाहिजेत, हे रंगाऱ्याचं काम. राखाडीत तो थेंबभर हिरवा टाकत होता, थेंबभर काळा, पत्र्याच्या पट्टीवर लावून उन्हात नेत होता, समोरून बघत होता, मग मान वाकडी करून तिरकं बघत होता. गॅरेजमध्ये त्याच्या नजरेला मान होता. तो 'नाही' म्हणाला की मालकसुद्धा गप्प बसायचा.

"अजून किती वेळ घोळणार?" पत्राकाम करणाऱ्याने हातोडा खाली ठेवत विचारलं. त्याला सगळे ठोक्या म्हणत.

"निळसर मारतोय अजून."

"मला तर काही दिसत नाही बाबा."

"तुला दिसलं असतं तर तू हातोडा कशाला धरला असतास?"

ठोक्या मोकळेपणाने हसला. "बरं, तुझ्या त्या राजेशाही फोनचा कॅमेरा तरी दाखव. महिना झाला नुसता खिशात मिरवतोयस."

रंगाऱ्याने फोन काढला, चार पावलं मागे गेला आणि गाडीचा फोटो घेतला. दोघांनी पडद्यावर डोकी वाकवली. दरवाजा आणि पत्रा एकाच रंगाचे होते. नुसते सारखे नाहीत, एकच. लांबीचा डाग नव्हता. कडेला फवारा जाड बसून खरखरीत झालं होतं, तेही नव्हतं.

"झालं की काम!" ठोक्याने त्याच्या पाठीत थाप मारली. "गिऱ्हाइकाला फोटो दे पाठवून, आणि गाडी राहू दे इथंच."

रंगाऱ्याला हसू आलं नाही. त्याने पुन्हा फोटो काढला, सावलीतून, मग उन्हातून. दर वेळी फोनने गाडी रंगवून दिली. वीस वर्षं घासून कमावलेली नजर, आणि हे भिकारडं यंत्र तिच्या तोंडावर सांगत होतं की निळसर काही नाहीच मुळी. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच तो फोनच्या दुकानात गेला.

दुकान दवाखान्यापेक्षा स्वच्छ होतं. काउंटरवरच्या मुलीच्या सदऱ्यावर कंपनीचं चिन्ह होतं आणि चेहऱ्यावर शिकवलेलं हसू.

"हा फोन खोटं दाखवतो," तो म्हणाला. "परत घ्या."

"परत घ्यायची मुदत पंधरा दिवस असते, सर. आणि हा बिघाड नाहीये. हे फीचर आहे."

"खोटं बोलणं फीचर आहे?"

"फोटो सुंदर येण्यासाठी आहे, सर. बहुतेकांना आवडतं." तिने फोन हातात घेतला. "मी सेटिंगमध्ये थोडं कमी करून देते. पूर्ण बंद नाही होत. तुमचे आधीचे फोटो बघू का? म्हणजे नेमकं समजावता येईल."

तिचं बोट पडद्यावर सरकत गेलं. राखाडी गाडी, राखाडी गाडी, आणि मग गुलाबी काहीतरी. ती थांबली.

"हे काय आहे, सर? साबण?"

"टाच आहे. आईची. जखम झालीये."

मुलीने फोटो मोठा केला. शिकवलेलं हसू गेलं आणि त्याच्या जागी एक साधा, जरा घाबरलेला चेहरा आला. "हा लांबून काढलाय ना? दहा पट झूम आहे यात. आणि खोलीत उजेड कमी."

"मग?"

"इतक्या लांबून फोनला सगळं दिसत नाही. जे दिसत नाही ते तो अंदाजाने भरतो. कातडी वाटली की कातडी भरतो." तिने आवाज खाली आणला. "म्हणजे यात थोडं तुमच्या आईचं आहे आणि थोडं फोनचं. किती कुणाचं, ते मला नाही सांगता येणार."

त्याने फोटोकडे पाहिलं. बावीस दिवस पाहत होता तोच गुळगुळीत गुलाबी रंग. आणि आता त्याला दिसलं की असा गुलाबी माणसाच्या अंगावर कुठेच नसतो. गॅरेजमधल्या शिकाऊ पोराने जरी हा रंग कालवून आणला असता, तरी त्याने डबा लाथाडला असता. त्याला शिसारी आली. जखमेची कधी आली नव्हती इतकी, या नितळ, नटव्या, निर्लज्ज चित्राची आली. आणि ते चित्र काढायला दारात उभ्या राहणाऱ्या माणसाची त्याहून जास्त. फोनला डोळे नव्हते, त्याने अंदाज केला. याला तर डोळे होते.

त्याने फोन तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि निघाला.

भरदुपारी दार वाजलेलं ऐकून आई दचकली. "काय रे? काम सुटलं का?"

"नाही. पाय दाखव."

"सकाळीच तर काढलास फोटो."

त्याने पडदा पूर्ण बाजूला सारला आणि पलंगाच्या काठावर बसला. आईचा पाय मांडीवर घेतला आणि खिडकीच्या उन्हाकडे वळवला. पट्टी सोडताना शेवटचा वेढा चिकटला होता, तो त्याने पाण्याने भिजवून सावकाश काढला. वास आला. मलमाचा नव्हताच तो, कधीच नसावा. त्याने मान फिरवली नाही. आधी समोरून बघितलं, मग मान वाकडी करून तिरकं बघितलं. मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बोललेलं ऐकू जात होतं, एवढा तरी त्या महागड्या वस्तूचा उपयोग होता.

"फोटो पाठवा, बघते," त्या घाईत म्हणाल्या.

"फोटो नाही पाठवत. मी सांगतो, तुम्ही ऐका."

"अहो, तुम्ही तोंडाने सांगून मला काय कळणार?"

"मी रंगाचं काम करतो, डॉक्टर. ऐका." त्याने पाय जरा उचलला. "कडेची कातडी पांढरी पडलीये, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. तिच्या आत राखाडी, पिवळ्याकडे झुकणारा. मधे रुपयाएवढं काळं. निळसर काळं नाही, तपकिरीवर चढलेलं काळं. आणि तिथून घोट्याकडे लाल पट्टा चाललाय. चार बोटं वर गेलाय, पुढे फिका होत जातो."

डॉक्टरीणबाईंच्या आवाजातली घाई गेली.

"हा लाल पट्टा कधीपासून आहे?"

"माहीत नाही. मी आज बघतोय."

"आज? मग इतके दिवस ते फोटो..."

"दारात उभं राहून काढत होतो."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "तासाभरात घेऊन या," त्या म्हणाल्या. "टाच टेकू देऊ नका. उचलूनच आणा."

त्याने फोन गादीवर टाकला. आई भिंतीला टेकून बसली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. स्वतःच्या टाचेचं वर्णन ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"काळं पडलंय?"

"हो."

"तू तर गुलाबी म्हणायचास."

"फोटोत गुलाबी होतं."

त्याने स्वच्छ कापड घेतलं आणि नवी पट्टी बांधायला सुरुवात केली. बोटांना ओल लागली, लागू दिली. आई बराच वेळ त्याचे हात बघत राहिली.

"पहिला फोन बरा होता," ती म्हणाली.

"तो? त्यात तर काही दिसायचंच नाही."

"नाही दिसायचं. म्हणून तुला इथं येऊन बसावं लागायचं. पायाला तर मला काही कळत नाही, पण गादी दबली की कळायचं, तू आलास." ती थांबली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच त्याला सोसवेना. "मला वाटलं, माझीच किळस येते तुला. मी काही बोलले नाही. येणारच ना, माझी मलाही आली असती."

त्याला म्हणायचं होतं की तुझी नाही, जखमेची. पण टाच तिचीच होती, आणि तो दारातच उभा राहिला होता. त्याने पट्टीची गाठ मारली, जरा जास्तच घट्ट झाली, म्हणून सोडून पुन्हा मारली. कपाटातून औषधांची पिशवी काढली, तिची शाल काढली, खाली जाऊन एक रिक्षा थांबवून ठेवली आणि परत येऊन पलंगासमोर पाठ करून गुडघ्यांवर बसला.

"ये. गळ्यात हात टाक."

आई काठापर्यंत सरकली. तिचे हात त्याच्या गळ्याभोवती आले. ती त्याला आठवत होती त्याहून खूप हलकी झाली होती. कानाशी तिचा श्वास लागला.

"पाय राहील ना रे?"

'हो' त्याच्या जिभेवर तयार होतं. बावीस दिवस दिलेलं, छान, गुळगुळीत 'हो'.

"माहीत नाही, आई."

तिने मान हलवल्याचं त्याला खांद्यावर जाणवलं. मग ती नीट धरून बसली.

"बरं," ती म्हणाली. "मग चप्पल एकच घे. उजवी."