चार वाजेपर्यंत

तुकडा नव्हता. उजव्या हातात तांब्या होता, त्यातलं पाणी पोरीवरून तीनदा ओवाळूनही झालं होतं — पण डाव्या हातातला रोटीचा तुकडा, जो दृष्टीसकट आता जिन्याखाली भिरकावायचा, तो नव्हता. कारण मॉरिशसहून शिकायला आलेली पद्मिनी तो दोन बोटांनी अलगद उचलून, प्रसादासारखा डोळे मिटून चावत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "मी आपली आभारी आहे."

कालची उरलेली मक्याची रोटी. भाकरीला ज्वारी इथे चंदीगडात कुठली...

"अगं, दृष्टच खाल्ली तिनं!" पोरीला बसस्टँडवरून घेऊन आलेला सुहासिनीचा नवरा कृष्णकांत दोन्ही बॅगा सांभाळत मागून खो खो हसला. इथे आपणही हसायचं असतं, हे सुहासिनीला कळलं. कळलं, एवढंच. तिनं पाणी जिन्यावर ओतलं आणि बाजूला झाली.

दिवाळीपासून हे असं. शार्दूलनं कॅनडाहून फोनवर सांगितलं, कायमचं राहायचे कागद झाले — "मम्मा, अब तो यहीं सेटल. टेन्शन नहीं लेना." नाही घेतलं. आज्ञाधारक बाई. त्यानंतर एकदा तव्याला हात चिकटला, तर शेजाऱ्यांच्या टीव्हीवर काहीतरी चालू असावं तसा तिनं तो फोड वर येताना पाहिला होता. कृष्णकांतनं रक्त तपासून घेतलं. थायरॉईड नॉर्मल. डॉक्टरच्या घरात नॉर्मल आलं की विषय संपतो. आणि खरं सांगायचं तर... वाईट काय होतं त्यात? झोप लागत होती, भाजीत मीठ पडत होतं. मराठी मंडळाचा मेसेज आला, आपली एक मुलगी युनिव्हर्सिटीत येतेय, वर्षभर कोणी ठेवून घेईल का, तेव्हा कृष्णकांत परस्पर हो म्हणाला — त्याचंही तिला काही वाटलं नव्हतं.

जेवताना पोरीनं घास खाली ठेवला. "मावशी, मी आपल्याला एक प्रश्न विचारू शकते का?"

वीज कंपनीला अर्ज लिहावा तसं मराठी. पाच पिढ्यांमागे कोकणातून कोणी ऊस तोडायला त्या बेटावर गेलं, आणि ही शाळेत बसून धडा धडा करत ते शिकली. आणि माझ्या पोटचा, जन्मभर माझ्याच हातचं वरण खाऊन... जाऊ दे.

"विचार."

"वसतिगृहात एक खोली रिकामी झाली आहे. चार वाजेपर्यंत त्यांना तिथे जाऊन कळवायचं आहे. मला इथे आवडेल. परंतु घर आपलं आहे. आपण सांगाल तसं करीन."

"वरण वाढू?" सुहासिनी म्हणाली.

दुपारी पोर शार्दूलच्या पलंगावर दोन रजयांखाली झोपली. बाहेर धुकं उठलंच नव्हतं, नुसतं पिवळट झालं होतं. सुहासिनी दारात उभी. राहा म्हणायचं, नाहीतर जा. एक-दोन अक्षरं... राहा म्हटलं की वर्षभर हिचा डबा, हिचा खोकला, हिला काय आवडतं ते ध्यानात ठेवणं, आणि मग एक दिवस न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर काढून त्यावर बॅग चढवणं, दोन किलो जास्त भरतंय म्हणून लोणच्याची बरणी काढून घेणं, विमानतळावर काचेपलीकडे हात हलवणं. माझं एकदा करून झालंय. जा म्हटलं की काहीच नाही. काहीच नाही हे तिला आता चांगलं जमत होतं.

कृष्णकांतचा हॉस्पिटलातून फोन. "ठरलं का?"

"झोपलीय ती."

"तिचं नाही, तुझं विचारतोय."

"अहो, कुकर होतोय माझा," ती म्हणाली. कुकर लावलेलाच नव्हता.

साडेतीनला पोर दाराशी बूट चढवून उभी. "मग मी त्यांना काय सांगू, मावशी?"

सुहासिनीनं तोंड उघडलं. दोनांतलं कुठलंही एक बाहेर आलं असतं तर चाललं असतं.

"कान बांध आधी! ही हवा काय तुमच्याकडची आहे? आणि ऑटोत बसण्याआधी नंबर लिहून घे. मुकाट्यानं बसायचं नाही, कळलं?"

केवढ्यानं ओरडलो आपण. पोर दचकली, मफलर कानांवरून घेतला आणि थांबून राहिली — या वाक्यावर धडा नव्हता.

"म्हणजे... राहू?"

"चार वाजतील. नीघ."

जिना वाजला, फाटकाची कडी वाजली. सुहासिनी गॅलरीत आली तेव्हा धुक्यात नुसता रस्ता होता. हिला हिंदी येतं का, विचारलंच नाही. येत नसलं तर? ऑटोवाल्यानं भलत्याच सेक्टरला नेलं, हिनं तिथेही आपली आभारी आहे म्हणून उतरून घेतलं तर... हिचा नंबर कुठे आहे माझ्याकडे? तो कृष्णकांतकडे. जुनी, ओळखीची काळजी न सांगता मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यासारखी येऊन बसली होती. चारला वीस मिनिटं होती. तिला राग आला — मंडळाचा, कृष्णकांतचा, त्या गुणी पोरीचा तर फारच, इतका की गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला आणि लोखंड चांगलंच गार लागलं. इतकं बरं चाललं होतं माझं.