आठ मात्रांची मोकळी जागा

मित्रांनो, हल्ली माझ्या पाठीवर इस्त्रीचे कपडे ठेवतात, म्हणून मला टेबल समजू नका. मी एक जुना सिंथेसायझर आहे. पियानोसारख्या माझ्या पट्ट्या दाबल्या की विजेवर सूर निघतात.

कारखान्यात माझ्या पोटातल्या तारा जोडणाऱ्या बाईंनी झाकण लावताना आत एक फुंकर मारली. तेवढाच निरोप. मग मी ताईच्या घरी आलो. ताई तेव्हा कॉलेजात होती. आठवडाभर दार लावून तिने माझी बटणं फिरवली आणि एके दिवशी मायक्रोफोनमध्ये नुसता एक लांब ‘आ’ गायली. तो मी आठवणीत ठेवला. मग कुठलीही पट्टी दाबा, मी ताईच्याच गळ्याने गायचो. त्या ‘आ’वर तिने आणि तिच्या भावाने एक गाणं बांधलं, यंत्रासारख्या ठेक्याचं, हळुवार, जरासं रडवेलं. कॉलेजातल्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं, पण रेकॉर्ड कुणी केलं नाही. तेवढीच काय ती माझी कौतुकाची वर्षं.

पुढे ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज बसला तो बसलाच. ती बोलते, गाता येत नाही. मी कपाटामागे गेलो.

या वर्षी ताईच्या लेकीने ते गाणं हार्ड रॉकमध्ये करायचं ठरवलं. ती गिटार वाजवते. आपली एक वर्षाची मुलगी कडेवर घेऊन तालमीला उभी राहते. पहिल्याच तालमीत ताईने कानांवर हात ठेवले आणि विचारलं, "गाणं म्हणताय की घर पाडताय?"

लेकीने तिला नीट बसवून समजावलं. ठेका दुप्पट, सूर दोन पट्ट्या खाली, ड्रम अंगावर येणारे. पण मधोमध सगळे गप्प. आठ मात्रा फक्त ताईचा ‘आ’, माझ्यातून.

ताई म्हणाली, "त्या आठ मात्रा ठेवणार असशील, तर बाकी काय हवं ते फोड."

रेकॉर्डिंग रविवारी होतं. शुक्रवारी माझ्या पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना आली. माझी आठवण नाण्याएवढ्या एका बॅटरीवर टिकते. ताईचा भाऊ अशीच वाद्यं दुरुस्त करतो, त्यामुळे काम त्याच्याकडे आलं. त्याची पद्धत ठरलेली होती: वीज चालू ठेवून बॅटरी बदलायची, म्हणजे तेवढा वेळ आठवण विजेवर तगते. लेक मामाला म्हणाली, आधी तो ‘आ’ फोनवर तरी उतरवून घेऊ. मामा म्हणाला, "अगं, परवा नीट घेणारच आहोत. फोनवर कशाला?"

त्याने माझं झाकण उघडलं, जुनी बॅटरी काढली. नवीन शेजारच्या खोलीत पिशवीत राहिली होती, ती आणायला तो उठला. वीज का चालू ठेवलीय, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात ताईची नात रांगत माझ्यापाशी आली. उघड्या तारांकडे तिचा हात गेला. ताई दारातच होती. तिने एका हाताने पोरीला उचललं आणि दुसऱ्या हाताने माझा प्लग उपटला.

मी विझलो.

मामा बॅटरी हातात घेऊन आला आणि त्याला उपटलेला प्लग दिसला. मग त्याने ती बॅटरी बसवून मला चालू केलं आणि एक पट्टी दाबली. ताईच्या ‘आ’ऐवजी कारखान्यातून भरून दिलेली तुतारी वाजली. ताईच्या लक्षात यायला क्षणभर लागला.

"आई, तू बरोबरच केलंस," लेक म्हणाली.

"बरोबरच केलं गं," ताई म्हणाली. पण नातीला ती संध्याकाळपर्यंत कडेवरून खाली ठेवेना.

रविवारी लेकीने विनवलं, बसक्या आवाजात गा, पण तूच गा. ताई मायक्रोफोनसमोर उभी राहिली आणि तोंड न उघडताच परत आली. आता त्या गाण्यात मधोमध सगळे थांबतात आणि आठ मात्रा काहीच वाजत नाही. ऐकणाऱ्यांना वाटतं, रेकॉर्डिंग बिघडलंय.

मित्रांनो, घरातल्या कुणाचा आवाज एकाच जागी राहिला असेल तर आजच उतरवून घ्या. खरखरीत का येईना. आणि उघडं काम टाकून उठावंच लागलं, तर जवळच्या माणसाला सांगून उठा. मामाने एवढंच सांगितलं असतं ना, तर पोरीला उचलायला ताईला एकच हात पुरला असता, दुसरा प्लगकडे गेला नसता.