तिवारीजींचं अंगण

वीस वर्षं भूगोल शिकवतोय, आणि सरोजिनी नगरात घर घेतलं तेही असं, की रस्त्यावर यायला शेजारच्या तिवारीजींच्या अंगणातूनच वाट. आज त्यांनी पुन्हा आमच्या दारात कचरा लोटला होता.

"आज तरी बोला त्यांना!" कल्पना, माझी बायको, संतापली.

मी तावातावाने निघालो. अंगणात त्यांची गाडी आडवी. कॉलेज गाठायला अर्धाच तास उरलेला.

"नमस्ते तिवारीजी! ज़रा गाड़ी हटा देंगे?" मी हसून म्हणालो.

तासाला विषय होता समुद्र नसलेले देश. नेपाळहून आलेल्या मुलीने विचारलं, "सर, बंदरगाहवाले पड़ोसी से झगड़ा हो जाए, तो?"

"झगड़ा होता ही नहीं," मी म्हणालो. "कचरा चुपचाप उठा लेते हैं."