लोयझाची पिवळी रेघ

"काल संध्याकाळी मी हा फोर्क बांधून ठेवला होता," लोयझा म्हणाला. "आणि आज हे बघ. कुणी उघडला?"

वेन्दा गॅरेजच्या दारातच थबकला. शेजारी म्हणून तो मुळ्यांची जुडी घेऊन आला होता, आणि इथे त्याचीच उलटतपासणी सुरू झाली होती. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर लांब स्प्रिंग, ऑइल सील, बुश, वॉशर असं सगळं ओळीनं मांडलेलं. जुन्या जावा मोटरसायकलचं पुढचं चाक काढलेलं होतं. चाक धरणाऱ्या फोर्कचा एक पाय गाडीला होता आणि दुसरा टेबलावर.

"मला काय विचारतोस?"

"गाडी तुझी. गॅरेजची दुसरी किल्ली तुझ्याकडे."

"म्हणून मी माझीच गाडी मोडू? शनिवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे, लोयझा. पाद्री चौकात गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देणार. मी काय नुसतं चाक घेऊन उभा राहू?"

"माझ्या कामावर विश्वास नसेल तर तोंडावर सांग. मागून येऊन उघडून बघायचं, हे माणसाचं लक्षण नाही."

वेन्दा लालबुंद झाला. मुळ्यांची जुडी त्याने स्टुलावर ठेवली आणि आला तसा निघून गेला.

लोयझाला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आठवडाभर हे असंच चाललं होतं. संध्याकाळी दोन्ही पाय बांधायचे, तेल भरायचं, वरचे नट आवळायचे. सकाळी येऊन बघावं तर एक तरी पाय टेबलावर. मोराव्हियातल्या या एवढ्याशा गावात कुणाच्या घरी काय शिजतंय ते तिसऱ्या गल्लीला कळतं, आणि आपल्या गॅरेजात कोण येऊन जातं ते आपल्यालाच कळू नये? कुठंतरी पाणी मुरत होतं. डोक्यात नुसता गोंधळ झाला होता. तेल भरलं होतं की भरायचं राहिलं होतं? डाव्या पायात की उजव्या? तेलाशिवाय फोर्क म्हणजे पहिल्याच खड्ड्यात हाडं खिळखिळी.

त्याने पेट्रोलचं फडकं घेतलं आणि गाडीचा माथा पुसायला लागला. जिथे नट बसतो तिथल्या भोकाभोवतीची काजळी निघाली आणि खालचा पिवळा रंग दिसला.

सहकारी शेतीच्या वर्कशॉपमध्ये लोयझाचं उभं आयुष्य गेलं. तिथे प्रत्येक फिटरचा आपला रंग असे. काम संपलं, नट आवळला, की नटावरून खालच्या पट्टीवर रंगाची एक रेघ ओढायची. नट फिरला तर रेघ तुटते, म्हणजे कुणी उघडलं ते कळतं. आणि दुसऱ्याची रेघ कुणी तोडायची नाही. फोरमनसुद्धा आधी विचारायचा. लोयझाचा रंग पिवळा. तो घरीच कालवायचा, ट्रॅक्टरच्या पिवळ्यात चिमूटभर शेंदरी. रेघ ओढायचा तो डाव्या हाताने, त्यामुळे ती नेहमी एका बाजूला कललेली असायची.

भोकाभोवती पिवळ्या रेघांचे तुकडे होते. आठवड्यात त्याने जितक्या संध्याकाळी गाडी बांधली, त्याहून कितीतरी जास्त. सगळे त्याच रंगाचे आणि एकाच बाजूला कललेले.

त्याने टेबलावरचा नट उचलला. त्याच्या कडेलाही तसेच तुकडे. दुसऱ्या कुणाकडे हा रंग नव्हता, आणि वेन्दा तर उजव्या हाताने काम करणारा.

द्राहा, त्याची बायको, कॉफी घेऊन आली. गाळ खाली बसलेली काळी कॉफी आणि खसखशीच्या पोळीचा तुकडा.

"हे मी उघडतो का गं?" त्याने विचारलं.

द्राहाने कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. "हो."

"तू पाहिलंस?"

"रोज रात्री. तेल घातलं की नाही ते बघायला उघडतोस, बांधतोस, परत उघडतोस."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं रे. काल सांगितलं, परवाही सांगितलं."

लोयझा खाली बसला. त्याला लाज वाटली आणि भीतीही वाटली. वेन्दाला आपण काय काय बोललो, ते नेमकं आठवत होतं. नको ते बरं आठवतं, असा राग त्याला स्वतःचाच आला.

मग तो उठला आणि कामाला लागला. द्राहा बाजूला उभी राहिली. बुश बसला, सील बसलं, नळी सरकली, स्प्रिंग आत गेली. हात कुठे अडखळला नाही. तेल ओतताना त्याने द्राहाला जवळ बोलावलं. "बघ. तेल चाललंय. बघितलंस?"

"बघितलं."

"दुसऱ्या पायातलंही आज नव्यानं भरतो. तेही बघ."

दोन्ही नट आवळून झाले. लोयझाने पिवळ्या रंगाची डबी उचलली, आणि परत ठेवली.

"तुझं नखांना लावायचं काही आहे?"

"इथे काय करायचंय ते?"

"घेऊन ये."

तिने गुलाबी बाटली आणली. नाताळात लेकीने दिलेली, अजून निम्मी भरलेली. दोन्ही नटांवर तिने एकेक रेघ ओढली.

"जाड लागली," लोयझा म्हणाला.

"मग तूच लाव ना."

"नको," तो म्हणाला. "तुझीच असू दे."

शनिवारी सकाळी वेन्दा आला. द्राहाने त्याला आधीच गाठून सगळं सांगितलं होतं, रडलीही होती. चाक चढलेलं होतं, जावा चकचकीत उभी होती, आणि लोयझा हातात पाना घेऊन तिच्यासमोर वाकला होता. वेन्दा त्याला अडवायला घाईने पुढे झाला.

पण पाना नटाला लागला नव्हता. लोयझा त्या गुलाबी रेघांकडे बघत होता.

"हे कुणी बांधलंय?" त्याने विचारलं. "वर्कशॉपात गुलाबी रंग कुणाचाच नव्हता."

वेन्दा म्हणाला, "बांधलंय एकाने."

"मी उघडणार होतो. पण दुसऱ्याची रेघ आहे." लोयझाने पाना फडक्याने पुसला आणि खिळ्याला अडकवला. "तेल घातलंय ना त्याने?"

"घातलंय. फार काटेकोर माणूस आहे."

लोयझाने गाडीच्या हँडलवर छाती टेकून सगळा भार पुढे टाकला. फोर्क सावकाश खाली गेला आणि तितकाच सावकाश वर आला.

"हात चांगला आहे त्याचा," तो म्हणाला. "कधीतरी ओळख करून दे."