सारजाचे खडे

"मेंढरं किती होती, एवढंच विचारतोय मी," कचेरीतून पंचनाम्याला आलेला कारकून म्हणाला. "शंभर? दोनशे? आकडा सांग, म्हणजे मी पुढच्या वाडीला जायला मोकळा."

सिद्धू बाजेवर उताणा पडला होता. वादळात बाभळीची फांदी मांडीवर कोसळल्यापासून त्याला कूस बदलता येत नव्हती. त्याने मान तेवढी भिंतीकडे वळवली.

"व्हती बिरोबाची माया. लई व्हती."

"लई म्हणजे किती?"

"लई म्हंजी लईच की, सायेब."

कारकून वाईट माणूस नव्हता. चिखल तुडवून त्याचे पाय भरून आले होते आणि सकाळपासून तो पडलेल्या भिंती व मेलेली गुरे पाहत फिरत होता. त्याने दाराशी उभ्या असलेल्या सारजाकडे पाहिले. ती पायाच्या अंगठ्याने भुई उकरू लागली. प्रश्न वावगा नाही हे तिला कळत होते. आपला नवरा त्याचे उत्तर देणार नाही हेही कळत होते. त्या घराण्यात कळपाचा आकडा कधी कोणी तोंडातून काढला नव्हता. मेंढरू तोंडावरून ओळखायचे. सांजेला काट्याकुट्यांच्या वाडग्यात घेताना कोण आले नाही ते पाहायचे, किती आली ते नाही. मोजलेल्या कळपाला दृष्ट लागते आणि तो ओसरत जातो, हे सासूने तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितले होते.

"मेंढरं पुरली कुठं?"

सारजाने शेताच्या कोपऱ्याकडे बोट केले. मातीवर पाऊस पडून ती दबली होती. वर उधळलेल्या भंडाऱ्याचा पिवळेपणाही धुऊन गेला होता.

"हे उकरून कोण बघणार?" असे म्हणून कारकुनाने छत्री उचलली.

ते वादळ कार्तिकात आले. अशा दिवसांत त्या मुलखात पाऊस सहसा नसतो, म्हणून दिवाळी होताच मेंढरे कातरून घेतात. सिद्धूच्या मेंढरांची कातरण होऊन आठवडाही लोटला नव्हता. उघड्या, गुलाबी अंगांची ती मेंढरे हिंदुराव माळ्याच्या कालव्याकाठच्या रानात खतासाठी बसवली होती. पूर्वेकडून वारा सुटला आणि गारठलेला पाऊस रात्रभर आडवा मारत राहिला. सकाळी हिंदुरावाची केळीची बाग भुईसपाट झाली होती, शाळेचे पत्रे कालव्यात पडले होते, आणि कुंपणाच्या कडेला मेंढरे एकमेकांच्या उबेला शिरून, एकावर एक, थंड पडली होती. जी वरच्या थरात होती ती आधी मेली. सगळ्यांत खाली दबलेली काही तेवढी जगली.

सिद्धूला हिंदुरावाने आपल्या गोठ्यात आणून निजवले. खड्डाही त्यानेच खणून दिला.

पंधरा दिवसांनी हिंदुराव बारामतीच्या बाजाराहून आला तो हसतच. "सिद्धूआबा, तुमच्यापायी पुण्याच्या पेपरात भांडनं लागल्याती."

इंदापूरचे वकील बापूसाहेब यांनी लिहिले होते की वादळ येऊन गेले तरी सरकारची झोप उडाली नाही. त्यावर एका रावसाहेबांनी उत्तर छापले होते की रस्ते दोन दिवसांत मोकळे झाले, धान्य वाटले गेले. राहिली धनगरांची मेंढरे, तर त्यांचा आकडा त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही, मग सरकारने भरपाई कशाची करावी?

"खरंच हाय की ते," सिद्धू म्हणाला.

"खरं काय हाय त्यात?" सारजा म्हणाली. मेलेल्या जनावरांच्या मानाने सरकारकडून ज्वारी आणि कडबा मिळणार होता. हिंदुरावाच्या बांधावरचे गवत संपत आले होते. उरलेल्यांतली एक गाभण मेंढी त्याच सकाळी बसली होती ती उठली नव्हती.

दोन दिवसांनी बापूसाहेब स्वतः मोटार घेऊन आले. गोठ्याच्या उंबऱ्याशी त्यांनी जोडे काढले, हे सारजाने पाहिले. इंदापुरात बाजाराच्या दिवशी जाहीर सभा होती. रावसाहेबही बोलणार होते.

"तुम्ही फक्त आकडा सांगा, बाई. बाकीचं मी बोलतो."

"आमच्यात मोजत न्हाईत, बापूसायेब," सिद्धू बाजेवरून म्हणाला. "आन् जी ऱ्हायली हायती त्यांची तरी गत नीट व्हऊ द्या."

मोटार गेल्यावर सारजा कालव्यावर गेली. तिने पदरात खडे भरून आणले आणि गोठ्यामागे उन्हात बसली. डोळे मिटून ती गेलेल्यांचे एकेक तोंड आठवू लागली. बांडी. कानतुटी. बांडीची पाठची. नाकावर तीळ असलेली. चिंचेच्या शेंगा खायला पुढचे पाय उचलणारी. प्रत्येक तोंडाला एक खडा. कोणी कुणाच्या मागून चालायचे त्याच ओळीने ती येत होती, त्यामुळे एकही सुटले नाही. ऊन कलले तेव्हा खड्यांची रास तिच्या गुडघ्याला लागली होती.

हिंदुरावाची बायको द्वारकाबाई वांग्यांची पाटी घेऊन चालली होती, ती थबकली.

"काय मांडलंस गं, सारजे?"

सारजाने सांगितले.

"मग मोज की."

"माझ्यानं न्हाय व्हनार."

द्वारकाबाई पाटी उतरवून खाली बसली. "सर तिकडं. म्या मोजते. रोज वांगी मोजते बाजारात, त्यास्नी कुठं दृष्ट लागती?" तिने विसाविसांच्या ढिगल्या केल्या. हात झपाझप चालत होते. पण शेवटच्या ढिगलीपाशी ते मंदावले. तिने आकडा मोठ्याने उच्चारला नाही. सारजाच्या कानाशी तोंड नेऊन सांगितला, आणि पाटी उचलून निघून गेली.

सभेला माणसे पुष्कळ होती. बापूसाहेबांनी वादळाची आगाऊ खबर देणाऱ्या तारायंत्राविषयी, विलायतेतल्या मदतीच्या रीतींविषयी सांगितले, टाळ्या पडल्या. रावसाहेब उठले. त्यांचीही डाळिंबाची बाग गेली होती, पण त्यांनी ते सांगितले नाही. ऐकीव गोष्टींवर पैसा उधळला तर खऱ्या गरजूला काही उरत नाही, असे ते शांतपणे म्हणाले, आणि ते सारजालाही पटले.

"ऐकीव कशाला? बाई समोर बसल्या आहेत," बापूसाहेब म्हणाले.

सारजा उभी राहिली. पदर तोंडाशी आला होता तो तिने खाली घेतला आणि आकडा सांगितला. तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"बाई," रावसाहेबांनी विचारले, "कारकून आला तेव्हा हा आकडा का सांगितला नाही?"

"आमच्यात मोजत न्हाईत, सायेब."

"मग आता कुणी मोजली?"

"द्वारकाबाईनं. खडं मांडून."

"म्हंजी मेंढरं ऱ्हायली बाजूला, खडंच मोजलं की," डाळज गावचा एक गडी मागून म्हणाला. सभा हसली. रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त बापूसाहेबांकडे पाहिले. आकडा कोणी पढवला हे त्या नजरेत होते.

बापूसाहेबांना राग आला. "बाईंनी भीतीपोटी कमी सांगितलं आहे! खरा आकडा याच्या दुप्पट आहे."

सारजाने त्यांच्याकडे पाहिले. न्हाय, तेवढीच व्हती, असे तिला म्हणायचे होते. पण आता तिला कोणी विचारत नव्हते. दुप्पट की निम्मी, यावर दोन्ही बाजूंचे वक्ते बोलत राहिले. शेवटी निषेधाचा ठराव झाला आणि पुन्हा टाळ्या पडल्या. तिने सांगितलेला आकडा कोणाच्याच भाषणात पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलताना हिंदुरावाच्या गाडीतून ती परतली. सिद्धू जागाच होता.

"काय म्हनले?"

"इचार करू म्हनले."

"म्हंजी न्हाय." त्याने मान तिच्याकडे वळवली. "तू सांगितलास?"

"व्हय."

तो रागावेल असे तिला वाटले होते. तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने हळूच विचारले, "किती म्हनलीस?"

तिने बाजेच्या काठावर हात टेकून सांगितले.

सिद्धूचे ओठ हलले. तो आकडा त्याने जन्मात ऐकला नव्हता. "एवढी व्हती?" तो म्हणाला. मग डोळ्यांवर घोंगडी ओढून घेत म्हणाला, "असतील. असतील तेवढी."

बाहेर उरलेली मेंढरे वाडग्याच्या तोंडाशी येऊन थांबली होती. सारजाने काटेरी झाप बाजूला केला. पहिली आत गेली, तिच्या मागून दुसरी. आणि आपल्या तोंडात मोजणे चालले आहे हे सारजाच्या ध्यानात आले. तिने जीभ दाताखाली धरली. तरी ते थांबेना. तेव्हा ती पाठ फिरवून कालव्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि खुरांचा आवाज संपल्यावर, मागे न पाहताच, हाताने चाचपून तिने झाप लावला.