कपाटातला मी आणि तांड्यातला तो

मित्रांनो, तांड्यातला तो कायमचा गेला तर माझं काय काय भलं होणार, याचा हिशेब मी यंदाच्या दसऱ्याला मनाशी पक्का करून ठेवला होता. त्याच्या पोटातला चांगला बोर्ड माझ्या पोटात येणार. त्याची आरशांची झूल माझ्या अंगावर येणार. आणि सुखीबाईंची बोटं, ज्यांच्यासाठी मी उभा जन्म जळलो, ती माझ्या बटणांवर फिरणार. जमेच्या बाजूला एवढं सगळं, खर्चाच्या बाजूला फक्त तो. असा सौदा कोण सोडतो?

मी एक जुना घरगुती कॉम्प्युटर आहे. माझं रूप तुम्हाला ओळखू यायचं नाही. बटणांचा एक चपटा खोका, बस्स. स्वतःचा पडदा नाही. टीव्हीला वायर जोडली की मी बोलणार. वीज गेली की माझी सगळी आठवण पुसली जाई. जे टिकवायचं ते टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. ती लावली की साळुंक्या भांडल्यासारखा किचकिचाट व्हायचा आणि मग पडद्यावर अक्षरं उमटायची.

दारव्ह्याच्या शाळेतले दोन तरुण मास्तर, सदाशिवराव आणि पूनमसिंग, एकदा नागपूरला गेले आणि एकाच दुकानातून, एकाच थप्पीतून दोन कॉम्प्युटर घेऊन आले. थप्पीत वरचा मी, खालचा तो. एसटीत दोघांच्या मांडीवर आम्ही शेजारी शेजारी बसून आलो. तेव्हा आमच्यात काही वैर नव्हतं. ते स्टँडवर उतरल्यावर सुरू झालं.

सदाशिवरावांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं आणि बायकोला, मैनाबाईंना, बजावलं, "हात लावायचा नाही. नाजूक चीज आहे." पाहुणे आले की कपाटाला चावी लागायची. "वा गुरुजी, अजून नव्यासारखा दिसते!" एवढं ऐकून मी फुगायचो. मग कपाट बंद.

तो मात्र गावाबाहेरच्या बंजारा तांड्यात गेला. पूनमसिंगांच्या बायकोनं, सुखीबाईंनी, त्याला आरसे-कवड्या लावून झूल शिवली. मास्तरांनी त्यांना एक गंमत शिकवली होती. स्वतःचं नाव एकदा टाकायचं की सगळा टीव्ही वरपासून खालपर्यंत 'सुखी सुखी सुखी' असा भरून जायचा, इंग्रजी अक्षरांत. ते बघायला तांड्यातल्या बाया जमायच्या. कॅसेटच्या एका बाजूला तो प्रोग्राम, दुसऱ्या बाजूला होळीची लेंगी गाणी. घरात त्याच्यावाचून पान हलत नसे म्हणे.

हे मला कसं कळलं? पूनमसिंग चहाला यायचे आणि तक्रार करायचे. "आमचा तं कळकट झाला बा गुरुजी. बटणावरची अक्षरंच घासून गेली." ते रडगाणं गात होते, मला त्यात मिरवणूक ऐकू यायची. दुसऱ्याच्या मळाचा हेवा करणारा दारव्हा तालुक्यात मीच एकटा असेन.

त्यात वर्षाचा दसरा. तांड्यात त्या दिवशी नांगर, विळे, सायकल आणि तो, सगळे एका रांगेत मांडले जात. सुखीबाई कुंकू कालवून त्याच्या एकेका बटणाला टिकली लावायच्या, वर अक्षता. माझ्याकडे? सदाशिवराव कपाटाच्या काचेला बाहेरून झेंडूचं फूल चिकटवायचे. म्हणजे पूजा काचेची झाली.

पुढे आम्ही दोघंही बंद पडलो. तो बंद पडला त्या दिवशी तांड्यात हळहळ झाली. मी कधी बंद पडलो, हे कोणालाच सांगता येत नाही.

यंदा दसऱ्याचं सोनं द्यायला पूनमसिंगांच्या घरचे सगळे आमच्याकडे आले. बरोबर त्यांची मुलगी रंजिता, जी यवतमाळला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आणि झुलीत गुंडाळलेला तो. आपट्याची पानं देऊन झाली आणि रंजितानं आम्हा दोघांनाही टेबलावर उघडलं.

"बा, हे पाहा," ती आईकडे, म्हणजे तिच्या याडीकडे, बघत म्हणाली. "बटणांच्या खाली कुंकवाची पेंड झाली. तांदूळ बी हायेत. याडीनं पुजून पुजून मारलं याले."

सुखीबाई कुठल्या ऐकतात! "पुजलं म्हणून तं एवढी वर्षं चाललं. ते बिनपुजेचं पाह्य, ते चालून राह्यलं का?" बोट माझ्याकडे.

"त्याचा बोर्ड चांगला हाये, बटणं गेली. काका, तुमचं उलटं. बटणं कोरी करकरीत, पण बोर्डानं ओल धरली. चिपांचे पाय गंजून हिरवे झाले."

"मी तं कोणाले हातही लावू देल्ला नाही," सदाशिवराव म्हणाले.

"तेच तं. चालू राह्यला असता तं आतून गरम राह्यला असता. ओल कायले धरली असती?"

मग तिनं मार्ग सांगितले. "दोन्ही टाकून द्या. असाच दिसणारा नवा मिळते आता, आत बोटभर चिप." जळायला एक पुरेसा होता, तिसरा कशाला? "नाही तं दोघांचा मिळून एक करते. पण खोका कोणाचा ठेवू?"

आत्ताच सोनं देऊन गळ्यात गळा घातलेले दोन म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले.

"माझा. एक ओरखडा नाही त्याले."

"काहून? जीव तं माझ्याचा हाये!"

मी मात्र निवांत होतो. कोरा खोका सोडून कळकट कोण ठेवील?

तेवढ्यात मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "आमची बटणं त्याच्यात टाक, रंजिता."

"अगं, पण—"

"तुमी राहू द्या. गावातल्या बाया सांगत, सुखीबाईचं नाव टीव्हीवर आलं. मी पोळ्या लाटत ऐकत होती. कपाट मी पुसलं, काच मी पुसली, आतल्याले बोट नाही लावू देल्लं मले. जाऊ द्या त्याले तांड्यात. तिथं कोणी हात तरी लावीन."

सदाशिवराव टोपी काढून नुसती झटकत राहिले. आणि मला कळलं की या घरात जळणारं मी एकटाच नव्हतो.

रंजितानं माझी बटणांची पट्टी उचलून त्याच्यात बसवली, टीव्ही जोडला, तांड्यातून आणलेली कॅसेट लावली. साळुंक्या भांडल्या. सुखीबाई बसायला निघाल्या आणि थबकल्या. मैनाबाईंचा हात ओढून म्हणाल्या, "आधी तुमी, बाई."

"एम कुठं हाये वं?"

रंजितानं दाखवलं. मैनाबाईंनी बोट पदराला पुसलं आणि पाच अक्षरं शोधून शोधून दाबली. टीव्ही वरपासून खालपर्यंत त्यांच्या नावानं भरला. त्या कितीतरी वेळ वाचत बसल्या, जणू प्रत्येक ओळीत वेगळं काही लिहिलं होतं.

मित्रांनो, आता माझ्यातली फक्त बटणं उरली आहेत आणि तीच तुमच्याशी बोलतात. वस्तू जपा, पण हाताळून जपा. कुंकू लावायचं तर खोक्याला लावा, बटणांना नको. आणि घरातल्या कोणाचा हात अडवण्याआधी थोडं थांबा. लोक आजही म्हणतात, "पूनमसिंगांचा कॉम्प्युटर चालू झाला." माझं नाव कुठंच नाही. जळतो अजून, पण आतून गरम राहायला तेवढं बरं असतं.

राहिला शेवटचा हिशेब. त्यानं घासलेली बटणं दिली, त्याला जीव मिळाला. मी खोका, बोर्ड आणि कोरेपणाचा मान दिला. मला बोटं मिळाली, झूलही मिळाली, पण त्याच्या नावावर. सदाशिवरावांचं एक कपाट रिकामं झालं. बाकी सगळी किंमत भरली ती मैनाबाईंनी, आणि तीही इतकी वर्षं, रोज थोडं थोडं, बाहेरून काच पुसत.